घरचा धंदा, घरचा हिशेब : गल्ल्याशेजारी कोणते मशीन ठेवावे?



दिवाळी झाली आणि समुद्रावर माणसांची वर्दळ सुरू झाली, की आमच्या घोलवड-बोर्डीकडच्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा एका वाचक भगिनीने तो नीट लिहूनच पाठवला आहे. ती म्हणते, “बोर्डीच्या रस्त्याला माझे चिकूच्या पदार्थांचे छोटे दुकान आहे. स्कॅनर लावलेला आहे. पण मुंबईची काही माणसे कार्ड पुढे करतात आणि ‘मशीन नाही’ म्हटले की दोन पाकिटे परत ठेवतात. मशीन घ्या म्हणून एक मुलगा दोनदा येऊन गेला. घ्यावे का? घ्यावे तर कोणते?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या आधीपासून, २०१३ पासून, बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला होता. वाडीतला चिकू पूर्वी पेट्यांतून व्यापाऱ्याकडे जायचा आणि त्याचा हिशेब पुरुषमाणसे बघायची. आता त्याच चिकूच्या चिप्स, पावडर, लोणचे, हलवा घरोघरी होतात आणि विकायला बसते ती बहुधा घरातली बाई. कुणी वाडीत दोन खोल्या पाहुण्यांना देते, कुणी जेवणाच्या ऑर्डरी घेते, कुणी वारली चित्रांच्या पिशव्या विकते. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याकडून माणसे येतात, तशी वापी-वलसाड-सुरतेकडूनही येतात. त्यांच्या खिशात रोख फार नसते. म्हणून त्यांचे पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न आता स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकाच घरगुती झाला आहे.

मिक्सर घेताना आपण चार दुकाने फिरतो, शेजारणीला विचारतो, किती वॅटचा ते बघतो. पैशाचे मशीन मात्र दारात आलेल्या मुलाने पुढे केलेल्या कागदावर सही करून घेतो. तसे होऊ नये म्हणून आजचे हे टिपण.

आधी वही, मग मशीन

मशीन घेण्याआधी एक महिना एवढेच करावे. एका वहीत चार रकाने आखावेत : रोख, स्कॅनर, कार्ड मागितले, आणि कार्ड नाही म्हणून गिऱ्हाईक गेले. प्रत्येक विक्रीपुढे रक्कम लिहावी. चौथ्या रकान्यात गेलेल्या मालाची अंदाजे किंमत लिहावी. गर्दीत लिहिणे जमत नसेल तर चार डबे ठेवून त्यांत चिंचोके टाकावेत. संध्याकाळी मोजायला सोपे जाते.

महिन्याअखेरीस ही वही जे सांगते, ते कुठल्याही विक्रेत्याला सांगता येत नाही. बऱ्याच जणींना दिसेल, की कार्ड मागणारे शंभरात चार-पाचच होते आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी शेवटी फोन काढून स्कॅन केलेच. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या बाईची वही मात्र वेगळे बोलेल. तिचे बिल हजारांत असते आणि एवढी रक्कम क्रेडिट कार्डाने द्यायची पुष्कळांना सवय असते. दोघींचा धंदा एकाच गावात असला, तरी दोघींचे मशीन एक असायचे कारण नाही.

बाजारात काय काय मिळते?

नावे पुष्कळ आहेत, पण मुळात प्रकार पाचच.

पहिला, आपण ज्याला ‘स्कॅनर’ म्हणतो तो क्यूआरचा कागद किंवा पाटी. २०१६ साली यूपीआय आले आणि त्याच वर्षी नोटाबंदी झाली, तेव्हापासून तो आपल्या ओळखीचा आहे. याला वीज नको, भाडे नाही. गिऱ्हाइकाने बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले, तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून त्यावर टक्का कापला जात नाही. एक गोष्ट मात्र पाहावी. आपण लावलेला स्कॅनर व्यापारी म्हणून नोंदलेला आहे, की फोनमधला आपला घरगुतीच छापून चिकटवला आहे? २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. असे कार्ड व्यापारी स्कॅनरवर चालते, घरगुतीवर चालत नाही. म्हणजे कार्डवाले काही गिऱ्हाईक नुसता स्कॅनर बदलून घेतल्यानेही सांभाळता येते. अशा क्रेडिट कार्डाच्या रकमेवर टक्का किती आणि कोणत्या रकमेपासून, तेवढे आधी विचारून घ्यावे.

दुसरा, बोलका डबा, म्हणजेच साउंडबॉक्स. पैसे आले की तो मोठ्याने रक्कम सांगतो. आत स्वतःचे सिमकार्ड असते आणि तो चार्ज करावा लागतो. मराठी, गुजराती, हिंदी अशी भाषा निवडता येते. याला बहुधा महिन्याचे भाडे असते. हात पिठात किंवा तेलात असताना फोन बघावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. आमच्याकडे मात्र एका वहिनींची तक्रार आहे, की डबा बोलला की आज किती विक्री झाली ते अख्ख्या ओसरीला कळते! आवाज कमी करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. २०२३ पासून कार्ड टेकवता येणारा बोलका डबाही मिळू लागला आहे.

तिसरा, फोनला जोडायचे लहान मशीन. कार्ड त्यात घालायचे किंवा वर टेकवायचे, बाकीचे काम आपला फोन करतो. हे मोठ्या मशीनपेक्षा स्वस्त पडते. पण फोनचे चार्जिंग संपले की मशीनही बंद, आणि फोन मुलगा क्लासला घेऊन गेला की धंदाही बंद.

चौथा, पावती छापणारे पूर्ण मशीन. सिमकार्ड, पडदा, कागदाचे रीळ, सगळे त्यातच. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या, मोठे बिल करणाऱ्या बायकांना हे बरे. याचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, म्हणून त्यावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. महत्त्वाच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा.

पाचवा प्रकार म्हणजे फोनलाच मशीन करणे. फोनमध्ये एनएफसीची सोय असेल, तर काही बँकांच्या अ‍ॅपमुळे गिऱ्हाईक आपल्या फोनवर कार्ड टेकवून पैसे देऊ शकते. वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. कधीमधीच कार्ड येत असेल तर आधी याचीच चौकशी करावी.

याखेरीज पैसे मागवण्याची लिंक पाठवता येते. खोलीचे आगाऊ पैसे घ्यायचे असतील, किंवा दादरच्या मावशींना कुरियरने चिप्स पाठवायच्या असतील, तर समोर मशीन असून उपयोग नसतो. तेथे लिंकच कामाला येते.

शेकडेवारीचे गणित

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शेकडेवारीचा धडा आला की मुली विचारतात, “बाई, याचा उपयोग काय?” उपयोग येथे आहे.

मशीनचा खर्च दोन जागी असतो. एक भाडे, ते मशीन वापरा की न वापरा, जातेच. दुसरा टक्का, तो प्रत्येक कार्डामागे कापला जातो. करारात त्याला एमडीआर म्हणतात. रुपेच्या डेबिट कार्डावर, यूपीआयप्रमाणेच, २०२० पासून हा टक्का नाही. बाकीच्या डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे. ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, त्यांच्याकडून मशीनवर ०.४० टक्क्यापेक्षा आणि क्यूआरवर ०.३० टक्क्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर जाता येत नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तेथे टक्का ठरवून घ्यावा लागतो आणि तो डेबिटच्या कितीतरी पट असतो. टक्क्यावर आणि भाड्यावर जीएसटी वेगळा.

आता दोन उदाहरणे घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपापले घालून पाहावेत.

समजा, चिप्सच्या दुकानात महिन्याला ३,००० रुपये डेबिट कार्डाने आले. मशीनचे भाडे ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२, म्हणजे ४७२ झाले. टक्का कापला जाईल १२ रुपये. तीन हजार रुपये घ्यायला ४८४ रुपये गेले, म्हणजे शंभराला सोळा रुपये! पाकिटामागे वीस टक्के सुटत असतील, तर त्यातले सोळा मशीननेच खाल्ले. यालाच नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

आता खोल्या देणाऱ्या बाईचे पाहू. महिन्याला ३६,००० रुपये क्रेडिट कार्डाने आले आणि टक्का २ ठरला आहे असे धरू. ७२० रुपये टक्का, त्यावर जीएसटी सुमारे १३० आणि भाड्याचे ४७२. एकूण १,३२२ रुपये. शंभराला पावणेचार रुपयेही पडत नाहीत. कार्ड नाही म्हणून सहा हजारांचे एक कुटुंब दुसरीकडे गेले असते, तर त्यापेक्षा हा खर्च परवडला.

म्हणून ‘मशीन महाग की स्वस्त’ असे विचारून भागत नाही. आपल्या वहीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याला ते परवडते का, एवढेच पाहायचे. आणि हो, डेबिट कार्डाचा टक्का गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ‘कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त’ अशी पाटी लावू नये. खर्च मालाच्या किमतीत आधीच धरावा.

मशीन कोणाच्या खात्याला जोडलेले आहे?

येथपर्यंत मशीनविषयी बोलले. पण मला विचाराल तर मशीन कोणते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की त्यातले पैसे पडतात कोणाच्या खात्यात?

आमच्या गावात एक बाई आहेत. लोणची, चिप्स, नाचणीचे पापड, सगळे त्यांच्या हातचे. दुकानही त्याच सांभाळतात. स्कॅनर मात्र यजमानांच्या नावाचा, कारण बँकेला नंबर त्यांचा दिलेला. यजमान बोईसरला कारखान्यात पाळीला जातात. गिऱ्हाईक घोलवडला पैसे पाठवते, संदेश बोईसरला वाजतो. मग या फोन करून विचारणार, “अहो, दोनशे चाळीस आले का?” तिकडे मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, इकडे गिऱ्हाईक गाडीला उशीर होतो म्हणून चुळबुळत उभे. बाईंनी नुसत्या भरवशावर पुडा द्यायचा. यजमान माणूस भले आहेत, पैशाची खोट मुळीच नाही. पण महिन्याला किती विक्री झाली असे विचारले, तर ती करणाऱ्या बाईंनाच ते सांगता येत नाही.

आपल्या आया डाळीच्या डब्यात नोटा ठेवायच्या. त्याला कुणी बचत म्हणत नसे, पण अडीनडीला तोच डबा निघायचा. ते पैसे रोख होते, म्हणून ते जिच्या हाताला लागले तिचे झाले. मशीनमधून येणारा पैसा कोणाच्या हाताला लागत नाही. ज्याच्या नावाचे खाते, त्याच्याकडे तो आपोआप जातो. दिवसभर तळणीसमोर उभी राहणारी एक आणि खातेदार दुसरा, असे झाले तर डाळीचा डबा रिकामाच राहणार.

हा मानापमानाचा प्रश्न नव्हे, व्यवहाराचा आहे. उद्या तळणीचे मोठे यंत्र किंवा पॅकिंगचे मशीन घ्यायला मुद्रा योजनेतून कर्ज काढायचे म्हटले, तर बँक विचारते, धंद्याचा पैसा कोणत्या खात्यातून फिरतो? तुमच्या खात्यात काहीच दिसत नसेल तर पाच वर्षांची मेहनत कागदावर शून्य. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही तेच. त्यांच्या पगाराच्या खात्यात तुमची विक्री मिसळली की वर्षाअखेर कोणते पैसे कशाचे, ते दोघांनाही सांगता येत नाही. लहान धंद्याचा नफा ठरावीक टक्क्याने धरण्याची जी सोय प्राप्तिकरात आहे, तीत रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात. पण या सोयीचा लाभ घ्यायचा तर विक्री कोणाची, हे आधी कागदावर स्वच्छ हवे.

तेव्हा मशीनच्या अर्जाआधी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या नावाचे, धंद्यापुरते वेगळे खाते उघडावे. विक्री रोजची असेल तर चालू खात्याची चौकशी करावी आणि किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचारावे. त्या खात्याला आपलाच मोबाइल नंबर जोडावा. आणि ‘उद्यम’ची सरकारी नोंदणी आपल्या नावाने करावी. ती संकेतस्थळावर होते, तिला फी नाही. कुणी फी मागितली तर तो दलाल समजावा.

घरी हे कसे बोलावे, असेही काही जणी विचारतील. भांडणाचे कारणच नाही. महिन्याचा हिशेब समोर ठेवून शांतपणे म्हणावे, “अहो, तुम्हाला दिवसभर माझे फोन येतात, त्यापेक्षा नंबर माझाच लावू या.” पुष्कळ घरांत यजमानांनाच हायसे वाटेल! खाते वेगळे झाले म्हणून संसार वेगळा होत नाही. दळण एकच असले तरी गव्हाचा आणि ज्वारीचा डबा आपण वेगळा ठेवतोच ना?

बचत गटाच्या भगिनींनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. महोत्सवात गटाचा स्टॉल लागतो आणि घाईघाईत अध्यक्षबाईंचा स्वतःचा स्कॅनर टेबलावर ठेवला जातो. दोन दिवसांत सगळ्यांच्या मालाचे पैसे एकीच्या खात्यात जातात. पुढे वाटणीच्या वेळी, कुणाचा हेतू वाईट नसतानाही, मने दुखावतात. स्कॅनर गटाच्या खात्याचाच हवा. तसेच दोन दिवसांपुरते म्हणून शेजारच्या स्टॉलवाल्याचे कार्ड मशीन वापरू नये. पैसे त्याच्या खात्यात जातात, आणि गिऱ्हाइकाने पुढे तक्रार केली तर त्याला उत्तर द्यावे लागते.

दारात आलेल्या मुलाला काय विचारावे?

तो बिचारा पोटासाठी फिरतो, त्याला पाणी द्यावे, पण सही लगेच देऊ नये. पुढचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि उत्तरेही त्याच्यासमोरच लिहून घ्यावीत.

१. अनामत किती? मशीन परत केल्यावर ती परत मिळते का, किती दिवसांत?

२. भाडे महिन्याचे की वर्षाचे? जीएसटी धरून किती? पहिले काही महिने फुकट असतील तर त्यानंतर किती?

३. किती महिने बांधून घेता? मध्येच बंद केले तर दंड आहे का? पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, तेव्हा भाडे थांबवता येते का?

४. महिन्याला अमुक इतकी विक्री कार्डाने झालीच पाहिजे, अशी अट आहे का?

५. डेबिट, क्रेडिट, रुपे, परदेशी कार्ड, प्रत्येकाचा टक्का वेगवेगळा लिहून द्या.

६. पैसे माझ्या बँक खात्यात कधी पडतात? शनिवार-रविवारची विक्री कधी मिळते?

७. रविवारी मशीन बिघडले तर येणार कोण? डहाणूहून, पालघरहून, की मुंबईहून?

८. कागदाचे रीळ कोण देणार, आणि कितीला?

सहाव्या प्रश्नाला आणखी एक पुरवणी आहे. पैसे आपल्या नेहमीच्या बँकेत पडणार, की मशीन देणाऱ्याच्याच एखाद्या खात्यात आधी साठणार? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले. १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या खात्यात नवे पैसे घेता येईनात. ज्या दुकानदारांचे स्कॅनर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेले होते, त्यांचे काम पुढे चालू राहिले. ज्यांचे त्याच बँकेला जोडलेले होते, त्यांना धावपळ करून दुसरे खाते जोडावे लागले. म्हणून जेथे आपले पासबुक आहे, जेथल्या शाखेत आपण जाऊन उभे राहू शकतो, अशाच खात्यात पैसे पडू द्यावेत.

सातवा प्रश्न आमच्याकडे फार मोलाचा. आपला धंदाच मुळी दोन दिवसांचा. सोमवारी दुरुस्त झालेल्या मशीनचा पुढच्या शनिवारपर्यंत काय उपयोग?

रेंज, पाऊस आणि खारा वारा

शहरातल्या बाईला जी अडचण माहीत नाही, ती आमच्याकडे पहिली : रेंज. चिकूच्या दाट वाडीत एका कंपनीचे नेट येते, दुसऱ्याचे येत नाही. समुद्राच्या कडेला आणखी निराळे. ऐन गर्दीच्या दिवशी तर सगळ्यांचेच फोन एकदम चालू असतात. म्हणून मशीन घेण्याआधी जेथे ते ठेवायचे त्याच टेबलावर निरनिराळ्या सिमकार्डांचे फोन आणून पाहावे आणि ज्याची रेंज चांगली त्याचेच सिम मशीनमध्ये मागून घ्यावे. वीज जाते तेव्हा मशीन किती तास चालते, तेही विचारावे. शुक्रवारी रात्री डाळ भिजत घालताना मशीनही चार्जिंगला लावावे, म्हणजे विसरत नाही.

खाऱ्या हवेत धातूला गंज चढतो. कार्ड घालायच्या फटीत पीठ, साखर, वाळू जाते. रात्री मशीन कोरड्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओल्या हाताने कार्ड घेऊ नये. स्कॅनरचा कागद उन्हाने फिका पडतो, म्हणून त्याची एक जादा प्रत घरात असू द्यावी. चकचकीत प्लास्टिकवर ऊन पडले की फोनला तो वाचता येत नाही, तेव्हा पाटी सावलीत, जरा तिरपी ठेवावी.

आणि रोख पैशाला नाही म्हणू नये. वाडीत मजुरीला येणारी बाई मुलासाठी दहा रुपयांची चिप्स घेते, ती नोटच देते. सुट्टे नेहमी गल्ल्यात असू द्यावेत. नेट गेले की त्याच गल्ल्यावर दिवस निघतो.

फसवणुकीपासून सावध

गिऱ्हाइकाच्या फोनवरचे हिरवे चिन्ह पाहून माल देऊ नये. तसे खोटे चित्र दाखवता येते. आपला डबा बोलला किंवा आपल्या बँकेचा संदेश आला, तरच पैसे आले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाले, की पैसे येणार नसून जाणार आहेत असे समजावे.

‘चुकून जास्त गेले, परत करा’ असा फोन आला तर आधी स्वतः शिल्लक पाहावी. घाई करणाऱ्याला मुळीच भुलू नये.

सकाळी दुकान उघडताना स्वतःच एक रुपया स्कॅन करून नाव कोणाचे येते ते पाहावे. आपल्या कागदावर दुसऱ्याचा कागद चिकटवण्याचे प्रकार होतात.

गिऱ्हाइकाचा पिन विचारू नये, त्याच्याऐवजी आपण दाबू नये. मशीन त्याच्या हाती देऊन तोंड फिरवावे. ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसते टेकवून पिनशिवाय चालू शकते. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा आहे. म्हणून टेकवण्याआधी रक्कम मोठ्याने सांगावी आणि पडदा त्याला दाखवावा.

फसवणूक झालीच तर रडत बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. बँकेने तक्रारीची दाद तीस दिवसांत घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तर मग, कोणी काय घ्यावे?

लहान दुकान आणि पाकिटे शे-दोनशेची असतील, तर व्यापारी स्कॅनर आणि जमल्यास बोलका डबा. कार्डाचे मशीन नको. फारच मागणी असेल तर फोनलाच मशीन करून पाहावे.

महिन्यात पाच-दहा हजारांची विक्री कार्डाने होत असेल, तर कार्ड टेकवता येणारा डबा किंवा फोनला जोडायचे लहान मशीन. पण सहाहून जास्त महिने बांधून घेऊ नये.

खोल्या, जेवणावळी, मोठ्या ऑर्डरी असतील तर पावतीचे मशीन घ्यावे आणि आगाऊ पैशांसाठी लिंक.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला तिला माझे सांगणे असे : ताई, तुम्ही स्कॅनर आहे असे लिहिले आहे, पण तो कोणाच्या नावाचा ते लिहिलेले नाही. तो तुमच्या नावाचा नसेल तर पहिल्यांदा बँकेत जा. असेल तर एक महिना वही लिहा, पुढच्या महिन्यात गणित करा. तोवर तो मुलगा तिसऱ्यांदा येईलच. त्याच्यासाठी वरचे आठ प्रश्न कापून गल्ल्यात ठेवा.

वहीतले आकडे जरूर कळवा. कोणत्या दुकानाला कोणते मशीन परवडले, ते इतर मैत्रिणींच्याही उपयोगी पडेल.